गोलंदाजाचे मोल

बेंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर स्थानकावरून मेट्रोने पश्चिमेकडे निघावे, तर हलसूरू, ट्रिनिटी आणि महात्मा गांधी रस्ता ही स्थानके मागे टाकून गाडी कब्बन पार्कपाशी येते. तेथून चिन्नस्वामी क्रीडांगण पायी जाण्याइतके जवळ आहे. जवळच्या चौकाला अनिल कुंबळे यांचे नाव देण्यात आले आहे. एका गोलंदाजाचे नाव शहरातील गजबजलेल्या चौकाला मिळावे, ही गोष्ट आपल्या देशात तशी दुर्मीळच होय, कारण येथे कौतुकाचा मोठा वाटा नेहमी फलंदाजाकडे जातो. फलंदाजाने किती धावा काढल्या हे पोरासोरांनाही सांगता येते. गोलंदाजाने संघाला नेमके काय दिले, हे मात्र जाणत्यांनाही चटकन सांगता येत नाही. त्याचे बळी मोजावेत, त्याने दिलेल्या धावा मोजाव्यात, की त्याच्यामुळे जिंकलेले सामने मोजावेत?

या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार झाला तो क्रिकेटच्या नव्हे, तर बेसबॉलच्या जगात. तेथील पिचर हा आपल्या गोलंदाजाचा दूरचा भाऊबंद. या शोधाचे मूळ मात्र क्रिकेटमध्येच आहे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८२४ साली जन्मलेले हेन्री चॅडविक लहानपणीच अमेरिकेत गेले, तेथे वृत्तपत्रांतून क्रिकेटच्या सामन्यांचे वृत्तान्त लिहू लागले, आणि पुढे क्रिकेटच्या धावफलकाचीच धाटणी त्यांनी बेसबॉलला लावून दिली. आज बेसबॉलचे हिशेब क्रिकेटमध्ये येत आहेत, त्याला उसनवारी न म्हणता परतफेड म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

प्रारंभी पिचरची योग्यता त्याच्या नावावर लागलेल्या विजय-पराजयांवरून ठरविली जाई. ही पद्धत किती फसवी आहे याचे ठळक उदाहरण २०१८ च्या हंगामात मिळाले. न्यूयॉर्क मेट्स संघाचे जेकब डिग्रॉम यांनी दर नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.७० धावा दिल्या. ही कामगिरी असामान्य होती. तरीही त्यांच्या नावावर १० विजय आणि ९ पराजय लागले, कारण त्यांच्याच संघाचे फलंदाज धावा काढत नव्हते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट पिचरचा मान त्यांनाच मिळाला. विजयांची मोजदाद करणाऱ्या जुन्या पिढीने तो त्यांना दिला असता की नाही, याची शंकाच आहे.

दर नऊ डावांमागील धावा हा त्याहून चांगला मापदंड. पण त्यातही एक खोट आहे. फटकावलेला चेंडू झेलला जातो की निसटतो, हे पिचरच्या हाती फारसे नसते. कॅन्ससमध्ये घेवड्याचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता बिल जेम्स यांनी आकडेवारीचा अभ्यास केला आणि १९७७ पासून स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून जुन्या समजुतींना धक्के देण्यास आरंभ केला. २००१ मध्ये वोरोस मॅक्क्रॅकन यांनी त्याहून धाडसी विधान केले. त्यांच्या मते, मैदानात पडलेल्या चेंडूंचे पुढे काय होते ते बहुतांशी क्षेत्ररक्षक आणि नशीब ठरवितात, आणि पिचरची खरी पारख ज्यात क्षेत्ररक्षकांचा संबंधच येत नाही अशा घटनांवरून करावी. फलंदाजाला तीन वेळा चकवून बाद करणे, चुकीचे चेंडू टाकून त्याला फुकट तळ देणे आणि सीमेपार जाणारा फटका, या त्या घटना होत. हे विधान पुढे बरेच सौम्य करावे लागले, परंतु विचाराची दिशा बदलली ती कायमची.

यातूनच सर्व अंगांना एकत्र बांधणारे एक माप तयार झाले. एखाद्या खेळाडूच्या जागी सहज उपलब्ध होणारा साधा बदली खेळाडू खेळला असता, तर संघाला किती धावांचा तोटा झाला असता? तो फरक काढायचा, मैदान आणि काळ यांनुसार त्यात दुरुस्ती करायची, आणि सुमारे दहा धावांना एक विजय या हिशेबाने त्याचे विजयांत रूपांतर करायचे. या मापात खेळाडूची तुलना सर्वोत्कृष्टाशी होत नाही आणि सरासरी खेळाडूशीही होत नाही. ती होते बाकावर बसलेल्या माणसाशी. या मापाचे मर्म येथेच आहे.

हे माप आपल्या गोलंदाजांना लावून पाहण्यासाठी तीन माणसे फार सोयीची आहेत. नाशिकला जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी, म्हैसूरचे लेगस्पिनर भागवत चंद्रशेखर आणि बेंगळुरूचे अनिल कुंबळे. नाडकर्णी यांनी ४१ कसोटी सामन्यांत ८८ बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे २९.०७ धावा दिल्या. चंद्रशेखर यांचे ५८ सामन्यांत २४२ बळी, सरासरी २९.७४. कुंबळे यांचे १३२ सामन्यांत ६१९ बळी, सरासरी २९.६५. तिघांच्या सरासरीत एका धावेचेही अंतर नाही. केवळ सरासरीवर विसंबणाऱ्याला हे तीन गोलंदाज एकमेकांचे प्रतिबिंब वाटतील.

सरासरी ही वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टींचा गुणाकार असते: एका बळीसाठी लागणारे चेंडू आणि एका चेंडूमागे दिलेल्या धावा. हा गुणाकार उलगडला की चित्र पालटते. नाडकर्णी यांनी दर षटकाला अवघ्या १.६७ धावा दिल्या, पण एका बळीसाठी त्यांना १०४ चेंडू टाकावे लागले. चंद्रशेखर यांनी षटकामागे २.७० धावा दिल्या, मात्र ६६ चेंडूंतच त्यांना बळी मिळाला. कुंबळे यांचे आकडे २.६९ आणि ६६. दोन पिढ्यांच्या अंतराने झालेले, कर्नाटकाकडून खेळलेले हे दोन वेगवान लेगस्पिनर आकड्यांत इतके जुळावेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. नाडकर्णी यांचा मार्ग मात्र सर्वस्वी निराळा.

हा मार्ग किती निराळा होता ते जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत दिसले. भारताने पहिला डाव ७ बाद ४५७ वर घोषित केला होता. इंग्लंडकडून बोलस आणि बॅरिंग्टन खेळत होते. नाडकर्णी यांनी चेंडू टाकावा आणि फलंदाजाने तो बॅटने शांतपणे जमिनीवर ठेवावा, हा क्रम सलग २१ निर्धाव षटके चालला. त्या ओघात लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डाव संपला तेव्हा त्यांच्या नावापुढे आकडे लागले ते असे: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. हा विक्रम सगळ्यांना पाठ असतो. तो सांगताना थोडे हसण्याचीही रीत आहे. बळीच नाही मिळाला, मग उपयोग काय?

त्याच डावाचा धावफलक जरा खाली वाचावा. पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी ६७.४ षटकांत ८८ धावा देऊन ५ बळी घेतले. बोर्डे यांच्या संपूर्ण कसोटी कारकिर्दीतील ही सर्वोत्तम कामगिरी. एका टोकाला धावांचा दरवाजा बंद झाला की दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला त्याचा लाभ होतो, असे खेळाडू नेहमी सांगतात. तो लाभ नेमका किती हे एका डावावरून सिद्ध होत नाही. बोर्डे त्या दिवशी स्वतःच उत्तम टाकत असतील. परंतु एवढे खरे की नाडकर्णी यांच्या श्रमाचा जो काही अंश बळींत उतरला असेल, तो बोर्डे यांच्या रकान्यात लिहिला गेला. बेसबॉलमध्ये एका वेळी एकच पिचर चेंडू टाकतो, म्हणून तेथे हा गुंता उद्भवत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजी जोडीने होते, हिशेब मात्र एकेकट्याचा ठेवला जातो.

क्षेत्ररक्षकांचा प्रश्न आपल्याकडे अधिकच बिकट आहे, कारण फिरकी गोलंदाजाचे निम्मे यश त्याच्या झेलकऱ्यांवर अवलंबून असते. एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. फलंदाजापासून हाताच्या अंतरावर, डोक्यावर शिरस्त्राण नसताना, शॉर्ट लेगला वाकून घेतलेले झेल त्यांत अनेक होते. त्या जागी साधारण हातांचा माणूस उभा असता तर बेदी, प्रसन्ना आणि चंद्रशेखर यांच्या बळींतून किती वजा करावे लागले असते? कुंबळे यांना पुढे असाच लाभ राहुल द्रविड यांचा झाला. इंदूरच्या मराठी घरात जन्मलेले आणि बेंगळुरूत वाढलेले द्रविड स्लिपमध्ये उभे राहत. कुंबळे यांच्या गोलंदाजीवर त्यांनी पन्नासहून अधिक झेल घेतले. (याच सौम्य माणसाने २०२१ मध्ये एका जाहिरातीत स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेतले आणि त्या वस्तीचे नाव देशभर पोहोचविले.) मॅक्क्रॅकन यांच्या दृष्टीने पाहावयाचे तर त्रिफळा आणि पायचीत हेच गोलंदाजाचे निर्भेळ बळी होत. पण हा न्याय जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. बॅटच्या कडेला लागून शॉर्ट लेगकडे उडणारा चेंडू हा अपघात नसतो. गोलंदाजाने त्याच हेतूने सापळा लावलेला असतो. श्रेय वाटून घ्यावे लागते, आणि त्या वाटणीचे प्रमाण अद्याप कोणी निर्विवाद ठरविलेले नाही.

मैदानाची दुरुस्ती त्यामानाने सोपी. अमेरिकेतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून त्या मैदानावरील पिचरला हिशेबात सूट द्यावी लागते. बेंगळुरूची उंची सुमारे ९०० मीटर, त्यात चिन्नस्वामीच्या सीमारेषा आखूड. १५ एप्रिल २०२४ रोजी येथे हैदराबादच्या सनरायझर्स संघाने वीस षटकांत ३ बाद २८७ धावा काढल्या आणि बेंगळुरूच्या संघाने ७ बाद २६२ धावांचे उत्तर दिले. चाळीस षटकांत ५४९ धावा झाल्या. त्या सामन्यात पॅट कमिन्स यांनी चार षटकांत ४३ धावा देऊन ३ बळी घेतले. एरवी वीस षटकांच्या सामन्यात ४३ धावा देणारा गोलंदाज मान खाली घालून परततो. परंतु त्या रात्रीचा दर षटकामागे १३.७ धावांचा होता, म्हणजे चार षटकांत ५५ धावा गेल्या असत्या तरी ते साधारणच ठरले असते. कमिन्स यांनी १२ धावा वाचविल्या, शिवाय तीन फलंदाज बाद केले.

कुंबळे यांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या पटावर दिसते. मायदेशात ६३ कसोटींत ३५० बळी, सरासरी २४.८८, परदेशात ६९ कसोटींत २६९ बळी, सरासरी ३५.८५. यांपैकी खरे कुंबळे कोणते, असा वाद घालणारे घालतात. दोन्ही खरेच आहेत. त्यांच्या मायदेशातील बळींची तुलना मायदेशात खेळणाऱ्या इतर फिरकी गोलंदाजांशी व्हावी, आणि परदेशातील बळींची परदेशी खेळपट्ट्यांवर झगडणाऱ्यांशी, एवढेच तात्पर्य.

आता बाकावरील माणसाकडे वळावे. भारतीय क्रिकेटमध्ये या कल्पनेचे एक उदाहरण जणू मुद्दाम रचून ठेवल्यासारखे आहे. बेंगळुरूचे एरापल्ली प्रसन्ना आणि मद्रासचे वेंकटराघवन हे दोघेही ऑफस्पिनर. अनेकदा एकाला घेतले की दुसऱ्याला बाहेर बसावे लागे. प्रसन्ना यांचे ४९ कसोटींत १८९ बळी, सरासरी ३०.३८. वेंकटराघवन यांचे ५७ कसोटींत १५६, सरासरी ३६.११. प्रसन्ना यांचे १८९ बळी वेंकटराघवन यांनी आपल्या सरासरीने घेतले असते, तर सुमारे १०८३ धावा अधिक खर्ची पडल्या असत्या, म्हणजे प्रत्येक सामन्यात २२. फलंदाजीत दोघे जवळजवळ सारखे: ११.४८ आणि ११.६८. पण वेंकटराघवन यांनी ४४ झेल घेतले, प्रसन्ना यांनी १८. हा फरक सामन्यामागे ०.४ झेलांचा होतो. त्यांतील निम्मे झेल दुसऱ्या कोणीही घेतले असते असे मानले, तरी सामन्यामागे सहा धावा उरतात. बावीसच्या सोळा झाल्या. प्रसन्ना श्रेष्ठ ठरले, पण जेवढे वाटले तेवढ्या अंतराने नाही. आणि ज्या कर्णधारांनी कधी वेंकटराघवन यांना पसंती दिली ते अगदीच वेडे नव्हते.

डावखुऱ्या फिरकीत मात्र हे माप अन्यायाच्या सीमेवर जाऊन पोहोचते. बिशनसिंग बेदी खेळत असता बाकावर, खरे तर बाकावरही नव्हे, मुंबईचे पद्माकर शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल होते. शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले, गोयल यांनी १५७ सामन्यांत १८.५८ च्या सरासरीने ७५०. दोघांनाही एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, शिवलकर यांनी तामिळनाडूचे ८ गडी १६ धावांत आणि दुसऱ्या डावात ५ गडी १८ धावांत बाद केले. बदली खेळाडूच इतका उंच असेल, तर त्याच्या वर मोजलेले बेदींचे मोल खुजे दिसू लागते, आणि त्यात बेदींचा दोष काहीच नसतो. बेसबॉलमधील हिशेबनीस यासाठी बदली खेळाडूची एकच सर्वसाधारण पातळी सर्वांना लावतात. ती सोय आहे, सत्य नव्हे. २०१७ मध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांनाही क्रिकेट मंडळाने जीवनगौरव पुरस्कार दिला. तोवर एकाने पंचाहत्तरी ओलांडली होती, तर दुसऱ्याची जवळ आली होती.

अशीच एक पातळी सोयीसाठी मानून पहिल्या तिघांचा ताळेबंद मांडता येतो. बदली गोलंदाज एका बळीसाठी ३६ धावा देईल आणि फलंदाजी करताना बाद होईपर्यंत साडेअकरा काढील, असे धरले. (साधारण वेंकटराघवन यांचेच हे आकडे. ते बदली दर्जाचे होते असे यातून कोणी समजू नये.) नाडकर्णी यांनी गोलंदाजीत ६०९ धावा वाचविल्या. त्यांची फलंदाजीची सरासरी २५.७० असल्याने तेथेही सुमारे ७८० धावांची भर पडते. एकूण सुमारे १३९०, म्हणजे सामन्यामागे ३४. चंद्रशेखर यांनी गोलंदाजीत १५१३ वाचविल्या, पण फलंदाजीत सबंध कारकिर्दीत त्यांच्या धावा १६७, म्हणजे बळींपेक्षाही कमी. तेथे सुमारे ३०० धावांचा खड्डा पडतो, आणि सामन्यामागे उरतात २१. कुंबळे यांचे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४८०० होतात, म्हणजे सामन्यामागे ३६; शिवाय हे १३२ सामने टिकून.

कुंबळे प्रथम आले याचे कोणाला आश्चर्य वाटणार नाही. पण नाडकर्णी ३४ आणि चंद्रशेखर २१? ज्याने चंद्रशेखर यांना गोलंदाजी करताना पाहिले आहे, तो हा कागद फाडून टाकील. त्याचा संताप केवळ भाबडेपणातून आलेला नाही.

बेसबॉलच्या सामन्याला वेळेची मर्यादा नाही. प्रतिपक्षाचे सत्तावीस गडी बाद होणारच असतात, प्रश्न एवढाच की तोवर धावा किती होतात. म्हणून तेथे सारे काही धावांच्या नाण्यात मोजता येते. पाच दिवसांच्या कसोटीत दुसरे नाणे आहे, वेळेचे. दिवसाला ९० या हिशेबाने सामन्यात ४५० षटके मिळतात. सर्व गोलंदाजांना नाडकर्णी यांच्या गतीने बळी मिळाले, तर वीस गडी बाद करण्यास सुमारे ३४७ षटके लागतील आणि स्वतःच्या फलंदाजीसाठी जेमतेम शंभर उरतील. असा संघ हरणार नाही, पण जिंकणारही नाही. चंद्रशेखर यांच्या गतीने २२० षटके पुरतात. नाडकर्णी यांनी सामना हातचा जाऊ दिला नाही. चंद्रशेखर यांनी तो संपविला. धावांच्या हिशेबात या दोन कामांतला फरक उमटत नाही.

चंद्रशेखर खेळलेल्या चौदा विजयी सामन्यांत त्यांनी १९.२७ च्या सरासरीने ९८ बळी घेतले, असे नेहमी सांगितले जाते. हा आकडा जपून वापरावा. ज्या दिवशी गोलंदाज यशस्वी होतो त्या दिवशी संघ जिंकतो, म्हणून विजयांतील सरासरी कोणत्याही चांगल्या गोलंदाजाची सुधारलेलीच दिसणार. अधिक खात्रीचा पुरावा एकेका सामन्याच्या पोटात शिरूनच मिळतो. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर पावसाने सबंध दुसरा दिवस धुऊन नेला होता. पहिल्या डावात इंग्लंडला ७१ धावांची आघाडी होती, आणि सामना अनिर्णित राहणार किंवा भारत हरणार, याहून तिसरी शक्यता कोणाच्या मनात फारशी नव्हती. २३ ऑगस्टला इंग्लंडचा दुसरा डाव ४५.१ षटकांत १०१ धावांवर आटोपला. चंद्रशेखर यांनी १८.१ षटकांत ३८ धावा देऊन ६ गडी बाद केले. दुसऱ्या दिवशी भारताने १७३ धावांचे लक्ष्य सहा गडी गमावून गाठले आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकली.

त्या डावात इंग्लंडचा पहिला गडी बाद झाला तो जॉन जेमसन. गोलंदाज चंद्रशेखरच होते. लकहर्स्ट यांनी चेंडू सरळ परत फटकावला, तो चंद्रशेखर यांच्या हाताला लागून त्यांच्याच बाजूच्या यष्ट्यांवर आदळला आणि पुढे सरकलेले जेमसन क्रीझबाहेर सापडले. धावपुस्तिकेत ही नोंद धावचीत अशी आहे. गोलंदाजाच्या रकान्यात तिचा उल्लेख नाही.